दहा गुंठ्यांची साक्ष

फाटकाला कडी होती, पण ती बाई कडी न वाजवता नुसतीच बाहेर उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. एप्रिलमधली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी ओट्यावर बसून मेथी निवडत होते. मान वर केली तेव्हा ती दिसली. पन्नाशीच्या आसपासची, काळी, काटक, हातात कापडी पिशवी.

"पाणी मिळंल का?" तिनं विचारलं.

मी आत येऊ दिलं, तांब्या भरून दिला. ती पायरीवर बसली नाही. उभ्यानंच वरून पाणी प्यायली आणि पिताना तिची नजर घरावर नव्हती, जागेच्या चारी कोपऱ्यांवर फिरत होती.

"बोर कुणी मारलं?"

"मीच."

"पाणी लागलं?"

"एकशे ऐंशी फुटांवर."

"आबा म्हणायचे, हितं पाणी न्हाई." तिनं तांब्या पायरीवर ठेवला. "यशवंत मंडले. माझा बाप."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सिस्टर, मला वळखलं का?"

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. मी शालन. बाजीरावाची थोरली बहीण. दिवाळीला एस्टीतनं जाताना हे घर दिसलं. मला वाटलं, बाजीरावानं बांधलं. लई बरं वाटलं जिवाला. मागल्या म्हैन्यात उतरून बगितलं तर दारावर तुमचं नाव."

"ही जागा मी विकत घेतलीय. सगळं रीतसर झालंय. तुम्ही कागद बघा."

"कागद बगूनच आलेय. उताऱ्यावर माझं नाव कधी लागलंच न्हाई. बाजीरावानं सांगितलं, बापाला मी एकटाच." तिनं पिशवी खांद्याला अडकवली. "तुमच्याशी माझं भांडण न्हाई. पर मी कोर्टात जाणार हाय. आधी सांगावं म्हणून आले."

ती फाटक नीट लावून गेली. मी मेथी निवडायला बसले, पण काड्या आणि पानं एकाच ताटात पडत होती.

मी प्रमिला होवाळ. सरकारी नर्स होते. तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली पंचवीसेक वर्षं क्वार्टरमध्ये राहिले. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, परत आटपाडी. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, भिंतीवर आधीच्या सिस्टरच्या मुलांनी पेन्सिलीनं काढलेली बाहुली आणि बदलीची ऑर्डर आली की पंधरा दिवसांत रिकामं करायचं. नवरा लग्नानंतर पाचव्या वर्षी गेला, मूल नव्हतं. मिरजेजवळ माझं माहेर. तिथं दोन भाऊ होते, मळा होता, घर होतं. दिवाळीला जाऊन चार दिवस राहून यायचं, एवढंच.

शेवटची बदली झाली ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात. रिटायर व्हायला सहा-सात वर्षं उरली, तेव्हा मी जागा बघायला लागले. गावात कुठंही चाललं असतं. फक्त पाणी हवं आणि सातबारा माझ्या नावावर हवा. चार जणांना सांगून ठेवलं होतं.

एक दिवस बाजीराव मंडले ओपीडीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचे वडील वर्षापूर्वी आमच्याच दवाखान्यात वारले होते, तेवढी ओळख. वडील एसटीत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःच्या कमाईतून शेरेवाडीच्या रस्त्याला दहा गुंठे घेतले होते. त्यांच्या मागं मिळकत अशी ती एवढीच.

"सिस्टर, तुमी जागा बगताय म्हणं," बाजीराव म्हणाले. "मला इचलकरंजीला मागाचं काम मिळालंय. हितं माझं काय राहिलं न्हाई. तुमच्यासारखं माणूस घेत असंल तर बरं."

मी जागा बघितली. बाभळी, दगड, एका कोपऱ्यात वडिलांनी रचून ठेवलेल्या जुन्या विटा. पण रस्त्यापासून आत, शांत, आणि दवाखान्यापासून सायकलवर पंचवीस मिनिटं. मला आवडली.

मी काही घाईनं व्यवहार केला नाही. तालुक्यात गुळवणी वकील होते, साठीचे, काटेकोर म्हणून नाव होतं. त्यांनी तीस वर्षांचा शोध घेतला. सातबारावर एकच नाव, बाजीराव यशवंत मंडले. बोजा नाही, कूळ नाही. पेपरात जाहीर नोटीस दिली. या मिळकतीत कुणाचा हक्क-हितसंबंध असेल तर पंधरा दिवसांत कळवावं, नंतर तक्रार चालणार नाही. मी ती नोटीस ड्यूटीवर असताना वाचली होती, इंजेक्शनच्या ट्रेवरच पेपर पसरून. पंधरा दिवसांत कुणी आलं नाही.

खरेदीखताच्या आधी गुळवणींनी बाजीरावांना समोर बसवून विचारलं, "वडिलांना आणखी कोणी वारस? आई? भाऊ, बहिणी?"

"आई आधीच गेली. मी एकटाच."

"प्रतिज्ञापत्र द्याल?"

"देतो की."

गुळवणींनी माझ्याकडे बघितलं. "सिस्टर, तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात रजिस्ट्री झाली. दोन वर्षांनी फंडातून पैसे काढून घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला दक्षिणेची खिडकी, पुढं पत्र्याच्या छपराखाली ओटा. घर मुद्दाम मागच्या बाजूला घेतलं, रस्त्याची धूळ नको म्हणून. दारावर नावाची पाटी पितळेची करून घेतली. भिंतीला पहिला खिळा मारताना मी आधी मागं वळून बघितलं होतं, कारण क्वार्टरमध्ये खिळा मारायला परवानगी लागायची.

पाणी पिऊन गेल्यावर दोन महिन्यांनी शालनचा दावा दाखल झाला. वाटप आणि निम्मा हिस्सा. पहिले प्रतिवादी बाजीराव, दुसरी मी.

गुळवणींनी दाव्याची प्रत दोनदा वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घाबरू नका," ते म्हणाले. "कायद्यात तुमच्यासारख्यांना आडोसा आहे. ज्याच्या नावावर मिळकत दिसते, त्याच्याकडून तुम्ही ती नीट चौकशी करून, योग्य मोबदला देऊन, मनात काही न ठेवता घेतली असेल, तर कोर्ट तुम्हाला सांभाळतं. मग बहिणीनं भावाच्या मागं लागावं. तुमच्या घराला हात लागणार नाही."

"आणि मनात काही ठेवून घेतली असेल तर?"

"तर त्याचा जेवढा हिस्सा तेवढाच त्यानं विकला असं धरतात. म्हणजे निम्मी जागा. घर कुठल्या निम्म्यात येईल ते वाटपाच्या वेळी." त्यांनी चष्मा परत घातला. "पण आपल्याकडं सगळं आहे. शोध आहे, नोटीस आहे, त्याचं प्रतिज्ञापत्र आहे. एकच जागा अडचणीची. इथं बघा. कलम सात."

कलम सातमध्ये लिहिलं होतं की वादीचे वडील शेवटच्या आजारात ग्रामीण रुग्णालयात अकरा दिवस होते, वादीनं त्यांची सेवा केली आणि प्रतिवादी क्रमांक दोन त्या वेळी त्याच वॉर्डमध्ये नर्स होत्या. त्यामुळं वादी ही मयताची मुलगी आहे हे त्यांना माहीत होतं.

"दिवसाला किती नातेवाईक येतात तुमच्या वॉर्डात?" गुळवणींनी विचारलं.

"पन्नास तरी."

"वर्षाला किती झाले?"

मी कलम सात परत वाचायला लागले.

"कुणाचा चेहरा लक्षात राहणार? आणि केसपेपरवर नातेवाईक म्हणून बाजीरावांची सही आहे, मी बघून आलोय. तिचं नाव कुठंही नाही. तेव्हा तिचा शब्द आणि तुमचा शब्द." त्यांनी दाव्याची प्रत मिटली. "तुम्हाला काही आठवत असेल, तर ते मला सांगू नका, सिस्टर. मी विचारलेलं नाही."

मी सांगितलं नाही. कैफियत, म्हणजे दाव्याला माझं लेखी उत्तर, तयार झाली. त्यात वाक्य होतं, "वादी नावाची कोणी बहीण आहे याची या प्रतिवादीस खरेदीच्या वेळी काहीही कल्पना नव्हती." मी प्रत्येक पानावर सही केली.

दावा तीन वर्षं रेंगाळला. दर तारखेला शालन यायची. पहाटेच्या एसटीनं मंगळवेढ्याकडून निघायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. तिचा नवरा विठोबा करांडे कधी बरोबर असायचा, कधी नसायचा. माझ्याशी ती बोलायची नाही, पण माझ्याकडे बघून तोंडही फिरवायची नाही. एकदा मला खोकल्याची उबळ आली, तेव्हा तिनं आपली पाण्याची बाटली सरकवली. मी घेतली नाही, नळावर गेले.

बाजीराव एक-दोनदाच आले. त्यांनी आपली कैफियतच दिली नाही.

माझी साक्ष लागली तेव्हा मला रिटायर होऊन सात-आठ महिने झाले होते. साधी पांढरी साडी नेसून गेले. न्यायाधीश तरुण होते, पस्तिशीचे असतील. शालनचे वकील मुल्ला. उंच, सावकाश बोलणारे, प्रश्न विचारताना माणसाकडं न बघता हातातल्या कागदाकडं बघायची सवय.

माझं सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे माझ्या बाजूची साक्ष, आधीच लिहून दिलं होतं. उलटतपास सुरू झाला.

"खरेदीच्या आधी तुम्ही शेरेवाडीत जाऊन शेजाऱ्यांकडे चौकशी केली?"

"नाही. वकिलांनी कागदपत्रांचा शोध घेतला होता."

"गावात कुणालाही विचारलं नाही की यशवंत मंडल्यांना मुलं किती?"

"नाही."

"यशवंत मंडले तुमच्या दवाखान्यात दाखल होते, हे खरं?"

"खरं."

"किती दिवस?"

"अकरा."

"अकरा दिवस हे आठवतंय तुम्हाला?"

"केसपेपरवर आहे."

मुल्ला वकिलांनी कागद उलटला. "त्यांना काय झालं होतं?"

"अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली होती. गिळता येत नव्हतं. नाकातून नळी घातली होती."

"म्हणजे त्यांच्याजवळ सतत माणूस लागत असणार. कोण असायचं?"

गुळवणी खाली बघत होते. मी म्हटलं, "आठवत नाही."

"बाई असायची की पुरुष?"

"आठवत नाही."

"वादी इथं बसलेल्या आहेत. त्यांच्याकडे बघून सांगा. या तिथं होत्या की नाही?"

मी बघितलं. शालन मागच्या बाकावर होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. पायातला काटा की काय काढत होती, वाकून.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

मुल्ला वकिलांनी मान हलवली आणि कागद खाली ठेवला. त्यांच्याकडं पुढं काही नव्हतं हे माझ्याही लक्षात आलं. न्यायाधीश टायपिस्टला जबाब सांगत होते, "वादी त्या वेळी रुग्णालयात हजर होत्या किंवा कसे..." तिथं ते थांबले आणि माझ्याकडं वळले.

"बाई, एक स्पष्ट करा. त्या तिथं होत्या हे तुम्हाला आठवत नाही, की त्या नव्हत्या असं तुमचं म्हणणं आहे? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी काय लिहू?"

त्यांनी ते सहज विचारलं. आवाजात संशय नव्हता. नवीन डॉक्टर राउंडला आल्यावर विचारतो तसं, की सिस्टर, ताप घेतलाय की अंदाजे लिहिलाय?

तीस वर्षांत मी न घेतलेला ताप लिहिला नव्हता. ड्यूटी संपत आली, पेशंट चाळीस, दोन सिस्टर रजेवर असं असतानाही. बाकीच्या लिहायच्या. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, सगळ्यांना सारखाच. मी खाटेपर्यंत जायचे.

"काय लिहू, बाई?"

"आठवतंय," मी म्हटलं.

टायपिस्टचा हात थांबला. गुळवणी अर्धवट उठले आणि परत बसले.

"काय आठवतंय?"

"ती होती. अकराही दिवस होती. खाट क्रमांक नऊ, खिडकीची. पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मी तिला शिकवलं. पहिल्या दिवशी तिला जमेना. मी तिचे हात धरून दाखवलं, एक खांद्याखाली, एक कमरेखाली. नळीतून पेज कशी घालायची तेही दाखवलं. अकरा दिवसांत त्या माणसाच्या पाठीला एकही जखम झाली नाही."

मुल्ला वकील आता माझ्याकडं बघत होते.

"केसपेपरवर सही मुलाची आहे," न्यायाधीश म्हणाले.

"हो. पेशंट पहाटे गेला. ती एकटीच जवळ होती. बॉडी ताब्यात देण्यासाठी सही लागते. तिनं पेन मागितलं. मी म्हटलं, मुलगा कुठाय, मुलाला बोलवा. मुलगा नऊ वाजता आला. तोवर ती व्हरांड्यात बसून होती. मग मी त्याची सही घेतली."

"म्हणजे जमीन घेताना वादी ही मयताची मुलगी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"वकिलांना तुम्ही सांगितलंत?"

"नाही. त्यांनी माझ्यासमोर बाजीरावांना विचारलं आणि बाजीराव म्हणाले, मी एकटाच. मी तिथंच बसले होते."

"का बोलला नाहीत?"

मला वाटलं होतं या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नसेल. पण ते होतं.

"बोलले असते तर घर झालं नसतं," मी म्हटलं. "आणि मला वाटलं, हिला विचारलं असतं तर हिनंही सही करून दिली असती. मी दिली होती. वडील गेल्यावर बाराव्या दिवशी भावानं कागद पुढं केला, हक्कसोडपत्र. वाचूनसुद्धा बघितलं नाही. सगळ्याच बहिणी देतात. म्हणून हिनंही दिलीच असती असं मी धरलं."

न्यायाधीशांनी आधीचा जबाब वरून खाली वाचला. मग टायपिस्टला म्हणाले, "वादी ही मयताची मुलगी असल्याची मला खरेदीच्या वेळी माहिती होती. एवढंच घ्या." माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या भावाचं इथं संबंधित नाही. ते लिहीत नाही."

मी जबाब वाचला आणि सही केली. तो मात्र वाचला.

बाहेर आल्यावर गुळवणी माझ्या पुढं चालत राहिले. गाडीपाशी गेल्यावर म्हणाले, "पाच मिनिटं आणखी गप्प बसला असता ना, सिस्टर, तर तो तपास संपलाच होता."

"मला ठाऊक आहे."

"कैफियतीवर तुमची सही आहे. खोटं लिहून दिलंत म्हणून कोर्टानं मनात आणलं असतं तर..." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "जाऊ दे. न्यायाधीश तरुण आहे, पण समजूतदार आहे."

त्या संध्याकाळी बाजीरावांचा फोन आला. कुणीतरी कळवलं होतं. "सिस्टर, तुमाला काय वेड लागलं का? माझं तर गेलंच, पण तुमचंबी घालवलं. तिचं ऐकून घेतलं असतं का कुणी? तुमच्या शब्दाला किंमत होती."

मी फोन ठेवला. शालनशी त्या दिवशी बोलणं झालं नाही. मी बाहेर आले तोवर ती एसटी गाठायला निघून गेली होती.

निकाल पुढच्या वर्षी लागला. शालनचा निम्मा हिस्सा मान्य. बाजीरावांनी केलेली विक्री त्यांच्या निम्म्यापुरतीच बांधील. प्रतिवादी क्रमांक दोन यांना वादीच्या हक्काची कल्पना होती, सबब त्यांना प्रामाणिक खरेदीदार म्हणून संरक्षण देता येत नाही. ती ओळ गुळवणींनी मला वाचून दाखवली नाही. मीच नक्कल घेऊन घरी वाचली. अपील करायचं का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

मोजणीला कोर्टाचे कमिशनर आणि भूकरमापक आले तो दिवस थंडीचा होता. बरोबर मुल्ला वकील. शालन आणि विठोबा आधीच येऊन फाटकाबाहेर उभे होते. या खेपेला मी कडी काढायच्या आत ती स्वतः काढून आत आली.

भूकरमापकांनी जागा फिरून बघितली. मग नकाशा ओट्यावर पसरला.

"दोन पद्धती आहेत," ते म्हणाले. "उभी रेघ मारली तर दोघींनाही रस्त्याचं तोंड मिळतं. पण रेघ स्वयंपाकघरातून जाते. निम्मं घर पाडावं लागेल. आडवी रेघ मारली तर पुढचे पाच गुंठे एकीला, मागचे पाच घरासकट दुसरीला. मागचीला जायला वाट ठेवावी लागेल."

मुल्ला वकील शालनला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायला लागले. मला ऐकू येत होतं. उभी रेघ मागायचा तिला अधिकार होता. घर पाडायची वेळ आली तर मी पैसे देऊन तिचा हिस्सा घेईन, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. त्यांच्या पक्षकारासाठी त्यांनी ते सांगायलाच हवं होतं.

शालननं ऐकून घेतलं. मग ती एकटीच जागेवर फिरली. रस्त्याच्या कडेला उभी राहिली, मागं आली, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबली, परत पुढं गेली. मी ओट्यावर उभी होते आणि नजर तिच्या पावलांवर होती. तोवर मला वाटत होतं की जे व्हायचं ते होऊन गेलंय.

ती भूकरमापकांपाशी आली. "किंमत कुठल्या बाजूला जादा?"

"अर्थात रस्त्याकडच्या."

"मग मला रस्त्याकडचे पाच द्या. मागचे घरासकट त्यांना."

"आणि वाट?"

"वाट त्यांच्या हिश्श्यातनं धरायची. माझ्या न्हाई." तिनं थोडा विचार केला. "म्हणजे माझे पाच पुरे भरले पायजेत."

भूकरमापकांनी माझ्याकडे बघितलं. वाट माझ्यातून धरायची तर माझे साडेचारच्या आसपास होत होते. मी मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं.

तिच्या त्या पाच गुंठ्यांवर आज पिठाची गिरणी आहे. दिवसभर तिचा आवाज माझ्या घरात येतो. मी शांत जागा म्हणून घेतली होती, पण आता सवय झालीय. दिवाळीच्या आधी भाजणीची गर्दी होते तेव्हा ती मला हाक मारते, मी पावत्या लिहायला जाते. माझा भाऊ मनोहर एकदा आला होता, त्यानं गिरणी बघितली आणि विचारलं, "हिला एवढं दिलंस?" मी म्हटलं, "मी नाही दिलं, तिचं होतं." तो जेवून लगेच निघाला.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी सह्या झाल्या आणि भूकरमापकांनी पिशवीतून टेप काढली. शालननं पदर खोचला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दावा लागल्यापासून ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"सिस्टर, एक सांगते. तुमी कोर्टात खरं बोलला, म्हणून मी काय सोडायची न्हाई."

"सोडू नका," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, जणू मी थट्टा करतेय की काय हे तपासत होती. मग मान डोलावली.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. विठोबा खुंट्या घेऊन रस्त्याकडे गेला होता, कमिशनर नकाशा धरून उभे होते. मी ओट्यावरून उतरले, चप्पल घातली आणि टोक हातात घेतलं. शालन पहिलं टोक घेऊन बाभळीच्या बुंध्यापर्यंत मागं मागं सरकत गेली.

"ढिली पडलीय," तिकडून ती ओरडली. "ताणून धरा."

मी पाय रोवले आणि ताणून धरली.